पंजा आला: लोडरच्या ग्रॅपलची नोंदवही, मार्च ते ऑक्टोबर

मार्च, चिखलाचे दिवस

"घेतला का?" असं जानेवारीपासून विचारणाऱ्या सगळ्या ट्रॅक्टरवेड्यांना एकदाच सांगतो: घेतला. ४८ इंच रुंद, वर एकच जबडा, खाली उघडे दात असलेला रूट ग्रॅपल, म्हणजे ट्रॅक्टरच्या लोडरला पुढे लावायचा, फांद्या-मुळं-ओंडके पकडणारा लोखंडी पंजा. वजन १६० किलोच्या आसपास. घरात सगळे त्याला पंजाच म्हणतात, म्हणून इथेही तेच. ६० इंची, दोन जबड्यांचा दणकट पंजा का नाही, यावरून माझी बरीच टिंगल झाली आहे. त्याचं उत्तर साध्या वजाबाकीत आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमची जागा पश्चिम मॅसेच्युसेट्सच्या टेकड्यांत आहे. एकेकाळचं कुरण, नंतर कुणी हात न लावल्यामुळे माजलेलं रान. ट्रॅक्टर ३५ हॉर्सपॉवरचा, हायड्रोस्टॅटिक (तेलाच्या दाबाने चाकं फिरवणारा), फोर व्हील, पुढे लोडर, म्हणजे ओझं उचलणारे दोन हात. कामं तीन. पहिलं, मेलेली ॲशची झाडं. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा चकचकीत भुंगा अमेरिकेत २००२ साली डेट्रॉइटच्या बाजूला सापडला, आमच्या राज्यात २०१२ साली. त्याच्या अळ्या सालीखालचा भाग पोखरतात आणि उभं झाड वाळतं. दुसरं काम काटेरी रान: मल्टिफ्लोरा रोझ, ऑटम ऑलिव्ह आणि झाडांना गळफास लावणारी बिटरस्वीटची वेल. तिसरं दगड. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने इथे जमिनीत इतके गोटे पुरून ठेवलेत की दर हिवाळ्यात माती गोठली-फुगली की वसंतात नवे धोंडे डोकं वर काढतात. इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी रचलेले दगडी बांध म्हणजे हीच वेचणी.

आता वजाबाकी. लोडर किती उचलतो याचा माहितीपत्रकात ठळक छापलेला आकडा पिनेपाशी, म्हणजे हातांच्या टोकाला बकेट (खोरं) किंवा पंजा जोडतात तिथे, मोजलेला असतो. माझ्या लोडरचा तो ५०० किलो. पण ओझं पिनेवर बसत नाही, पुढे बसतं. पिनेच्या ५०० मिलिमीटर पुढचा आकडा त्याच पत्रकात बारीक अक्षरात असतो: ३९०. त्यातून पंजाचे १६० गेले की पूर्ण उंचीवर उरतात २३०. मला मनापासून आवडलेला ६० इंची पंजा २५५ किलोचा होता. तो लावला असता तर उरले असते १३५. म्हणजे भरपूर पैसे मोजून मी लोखंडच वर-खाली करत बसलो असतो. हा हिशेब ढोबळ आहे, कारण पंजाचं स्वतःचं वजन जरा मागे असतं आणि ओझं बऱ्याचदा आणखी पुढे. शिवाय कमी उंचीवर लोडर जास्त उचलतो. तरी दोन पंजांची तुलना करायला एवढं पुरतं.

"पण वाकला तर?" हा पुढचा प्रश्न. लहान ट्रॅक्टरवर पंजा फार दणकट असला तर कुठे अडकल्यावर तो वाकत नाही, लोडरचे हात पिळवटतात. त्यापेक्षा एखादा दात वाकलेला परवडला, तो तापवून सरळ करता येतो.

दोन जबड्यांचा फायदा खरा आहे, नाही असं नाही. ओझं एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल, तर दोन्ही जबडे आपापल्या जागी घट्ट बसतात. ६० इंचाच्या पुढे तेच घ्यावेत. ४८ इंचात मधला एक जबडा पुरेसा होतो. बकेटवर जबडा बसवलेला प्रकारही पाहिला. तो माती सोडत नाही, म्हणून बाद. अगदी जवळजवळ दातांचा, दगडांसाठीचा पंजाही बाद, कारण तो नुसत्या दगडांसाठीच चांगला. जोडणी मात्र स्किड स्टीअरची (छोट्या लोडर यंत्रांची) प्रमाणित पाटीच घेतली, आयएसओ २४४१० या मानकाची. उद्या ट्रॅक्टर बदलला तरी पंजा राहील.

एप्रिल, तेलाच्या नळ्या

जबडा उघडायला-मिटायला तेलाची वेगळी वाट लागते. रस्ते तीन. मागच्या रिमोटवरून (ट्रॅक्टरमागच्या तेलाच्या तोट्यांवरून) लांब होज, म्हणजे रबरी नळ्या, पुढे आणायचे: स्वस्त, पण लिव्हर मागे, म्हणजे प्रत्येक पकडीला हात मागे न्यायचा. डायव्हर्टर: बकेट वळवणारं तेलच बटण दाबून जबड्याकडे वळवायचं. आणि तिसरा, थर्ड फंक्शन व्हॉल्व्ह: स्वतंत्र वाट, जॉयस्टिकच्या मुठीवर बटण. डायव्हर्टरवर पंजा वळवणं आणि जबडा मिटणं एका वेळी जमत नाही. ओंडक्यांना त्याने काही बिघडत नाही. फांद्यांच्या ढिगात मात्र दोन्ही एकदम लागतात, कारण पंजा वर वळवताना ढीग निसटत असतो आणि नेमका तेव्हाच जबडा आवळायचा असतो. मी थर्ड फंक्शन बसवला. खिशाला झोंबलं, पण सगळ्या खर्चात हाच मला सर्वात पटलेला.

जबड्याच्या सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, २ इंच. पिस्टनचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस इंच आणि दाब २,४०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) धरला तर जोर साडेसात हजार पौंड, म्हणजे ३,४०० किलोच्या आसपास. जबड्याच्या टोकाशी तरफेमुळे तो बराच कमी होतो, तरी हात-पाय त्या वाटेत येता कामा नयेत एवढं कळायला हा आकडा पुरे.

कपलरबद्दल, म्हणजे होज जोडायच्या तोंडांबद्दल, एक गोष्ट. उन्हात उभ्या पंजातलं तेल तापून दाब चढतो आणि मग होज काही केल्या बसत नाही. पंजा काढण्याआधी इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून लिव्हर आणि बटण दोन्हीकडे हलवायचं. दाब उतरतो आणि पुढच्या वेळी हातोडी शोधावी लागत नाही.

एप्रिलअखेर, मागचं वजन

पंजाबद्दल सगळे बोलतात, मागच्या वजनाबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते पंजाच्या आधी हेच विकत घ्यावं किंवा घरी ओतावं. मी थ्री पॉइंटवर (ट्रॅक्टरमागे अवजार जोडायच्या तीन टोकांवर) काँक्रीट भरलेली पेटी लावतो, ३५० किलोची.

पुढच्या चाकांचा आस म्हणजे टेकू. पंजा आणि ओंडका मिळून ४५० किलो, त्या टेकूच्या दीड मीटर पुढे. दोन आसांमधलं अंतर १.६ मीटर. म्हणजे मागच्या चाकांवरून ४२० किलो उचलले जातात. आता मागच्या आसामागे एक मीटरवर ३५० किलोची पेटी टांगा: मागे ५७० किलो परत येतात आणि पुढच्या आसावरचे २२० किलो हलके होतात. ही दुसरी गोष्ट जास्त मोलाची. टायरमध्ये पाणी किंवा बीटचा रस भरला तर मागची चाकं जड होतात, पण पुढच्या आसाचं ओझं तसूभरही कमी होत नाही. टायर भरायला हरकत नाही, पण पेटीच्या जागी नव्हे.

आणि उतार. या लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे ओझं घेऊन उतारावर निघालात आणि मागची चाकं हलकी झाली, तर ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत जातो. फोर व्हील टाकलेलं असेल तरच पुढची चाकं थोपवून धरतात. त्यामुळे पंजा लावला की फोर व्हील चालू, हा माझा नियम. ओझं जमिनीपासून वीतभर वर, जड बाजू चढाकडे, रोप्सची (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी) कमान उभी आणि पट्टा बांधलेला.

मे, काटेरी रान

पहिलं खरं काम, आणि पंजाने सगळ्यात जास्त खूश केलं ते इथेच. मल्टिफ्लोरा रोझचं जाळं हाताने काढलंय त्यांना कळेल. कोयता, जाड हातमोजे, तरी संध्याकाळी मनगटं ओरबाडलेली. आता दात जमिनीला टेकवून, किंचित खाली झुकवून, हळू बुंध्याखाली सरकायचं. जबडा बुंध्यावर मिटायचा, वरच्या फांद्यांवर नव्हे. मग पंजा वळवत सावकाश मागे. मे महिन्यात जमीन ओली असते, गड्डा मुळांसकट सुटतो, दोन हिसके दिले की माती दातांतून गळून पडते. बिटरस्वीटची मुळं भगव्या रंगाची असतात, त्यामुळे मागे काय राहिलं ते लगेच दिसतं. राहिलेली मुळं पहारीने काढायचीच, नाहीतर पुढच्या वर्षी तिथूनच फुटवा.

ढीग उचलायची पद्धत: जबडा उघडा ठेवून ढिगात शिरायचं, मिटायचं, थोडं मागे येऊन पुन्हा उघडून शिरायचं. दोन-तीनदा दाबलं की एका खेपेत खूप जास्त बसतं. वेग मात्र चालण्याइतकाच. कडेचा एकटा दात जर लपलेल्या खुंटात अडकला तर सगळा जोर लोडरच्या एकाच हातावर येतो.

फांद्यांचा खरा धोका पंजात नाही, ट्रॅक्टरच्या पोटाखाली आहे. वाकलेली फांदी चाकाखालून सुटून वर येते आणि तिथे हायड्रॉलिकचा फिल्टर, वायरी, डिझेलची नळी सगळं उघडं असतं. पातळ पत्र्याचं पोटकवच बसवलं. पुढच्या जाळीलाही एक आडवी पट्टी लावली, कारण रेडिएटरकडे घुसणाऱ्या फांदीला पंजा थांबवत नाही. आणखी एक: पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की पुरळ उठवणारी वेल) दिसली की ती वेगळी काढायची. जाळलेल्या ढिगात ती असली तर तिचा धूर फुप्फुसात जातो आणि प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. गोचिड्यांसाठी रोज अंग तपासणं आहेच.

ढीग लगेच जाळता येत नाहीत. मॅसेच्युसेट्समध्ये उघड्यावर झाडोरा जाळायला परवानगी १५ जानेवारी ते १ मे एवढीच, तीही अग्निशमन खात्याच्या परवान्याने, सकाळी १० ते दुपारी ४, घरांपासून ७५ फूट दूर. खुंट आणि पालापाचोळा जाळायला मनाईच. म्हणून ढीग सुरुवातीलाच योग्य जागी घालायचे. पाणथळ जागेपासून १०० फुटांच्या आत काही हलवायचं तर आधी गावच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनला (पाणथळ जागा जपणाऱ्या मंडळाला) विचारावं लागतं. आमच्या ओढ्याकाठचं रान त्यामुळे अजून तसंच आहे.

जुलै-ऑगस्ट, दगड

ग्रॅनाइट घनमीटरला साधारण २,७०० किलो. ५५ सेंटिमीटर व्यासाचा गोटा २३५ किलो, ६० चा ३०५, ७० चा ४८५, ८० चा ७२०. व्यास थोडासाच वाढतो आणि वजन कुठल्या कुठे जातं. म्हणून पंजावरच खडूने ५५ सेंटिमीटरची खूण केली आहे. त्याहून मोठा दिसला की उचलायचा विचार सोडून द्यायचा. ढकलता आला तर ढकलायचा, नाहीतर ती जागा त्याचीच.

दगड मातीतून सुटा करायचं काम पंजाचं नाही. एका दाताच्या टोकावर धोंडा उचकटायचा मोह होतो, पण पंजा वाकण्याचा तो राजमार्ग आहे. कडेने खणून, पहार घालून हलवायचा. सुटला की सपाट बाजू खाली घेऊन पंजाच्या पाठीला टेकेपर्यंत आत घ्यायचा आणि मगच जबडा मिटायचा. गुळगुळीत गोल गोटा दातांच्या टोकांवर धरला तर ओल्या साबणासारखा निसटतो. नारळाएवढे दगड तर दातांमधून खालीच पडतात. त्यांच्यासाठी बकेट आणि घरची मुलं.

गावाकडे व्हिडिओ पाठवला तर काकांनी ऊस भरायच्या ग्रॅबरची आठवण काढली. "आमच्याकडचा तुझ्यापेक्षा मोठा आहे," म्हणाले. आहे खरा, पण त्याला ग्रॅनाइट उचलायला लावत नाहीत.

सप्टेंबर-ऑक्टोबर, ओंडके

भुंग्याने मारलेला ॲश ठिसूळ होतो आणि कापताना वरून फांद्या कोसळतात. उभी झाडं पाडायचं काम मी परवानाधारक माणसाकडूनच करून घेतलं. त्यात हौस नको. पडलेलं खोड मात्र माझं.

खोडाचे ८ फुटी तुकडे करतो. आमच्या शेगडीला १६ इंची लाकूड लागतं, ८ फुटांत बरोबर सहा बसतात. ४० सेंटिमीटर जाडीचा, ८ फुटी ॲश ओला असताना साधारण २३५ किलो भरतो, तेवढाच रेड ओक ३१० च्या आसपास. ॲश आरामात येतो. ओक वीतभर उचलून नेता येतो, पण थप्पीवर चढवता येत नाही. त्याचे ६ फुटी तुकडे.

ओंडक्याला आडवं जाऊन बरोबर मध्यावर धरायचं. मध्य चुकला तर एक टोक खाली जातं आणि ओंडका जबड्यात फिरतो. जाड बुंध्याकडे थोडं सरकून धरलं की तोल बसतो. ८ फूट म्हणजे ट्रॅक्टरपेक्षा रुंद. झाडांमधून जाताना टोक अडकलं तर ट्रॅक्टर गर्रकन वळतो, म्हणून वाटच आधी १० फूट मोकळी केली.

पंजात अधांतरी धरलेला ओंडका करवतीने कापतानाचे व्हिडिओ बरेच दिसतात. मी तसं करत नाही. दोन आडवी लाकडं टाकून त्यावर ओंडके मांडतो, इंजिन बंद करतो, पंजा जमिनीवर टेकवतो, मगच करवत सुरू. साखळी मातीला लागत नाही, धारही टिकते.

लाकूड मागणारे मित्र बरेच आहेत. भुंगा पसरू नये म्हणून ॲशचं लाकूड हलवण्यावर असलेली केंद्र सरकारची बंदी जानेवारी २०२१ मध्ये उठली, तरी सरपण लांब न्यायचं नाही हा इथला संकेत मी पाळतो. आमच्याच राज्यातल्या वुस्टरच्या भागात २००८ साली सापडलेल्या आशियाई लाँगहॉर्न भुंग्यामुळे आजही लाकूड हलवण्यावर निर्बंध आहेत. तेव्हा ज्यांना हवंय त्यांनी इथेच येऊन शेकोटीला बसावं.

देखभाल: पिनांना दर आठ-दहा तासांच्या कामानंतर ग्रीस, होजवर नायलॉनचं कव्हर, जबड्याच्या पिनेचा नट दर वेळी हाताने तपासून. एका होजला फांदी घासून वरचं रबर सोललंय, आतली पोलादी तार अजून दिसत नाही. तो या आठवड्यात बदलणार आणि कपलर सपाट तोंडाचे घेणार, सध्याच्यांत माती फार शिरते. कोणी लोडरच्या हाताच्या आतून होज नेले असतील तर मापं कळवा.