पॉडकास्ट पेटी: पाच मिनिटांचा चोर सापडला

मंडळी, चोर सापडला. जुन्या आयपॉडवर पॉडकास्ट ऐकताना मी बुकमार्क टाकतो आणि नंतर एक स्क्रिप्ट तिथलं बोलणं लिहून काढते; पण बुकमार्क एकीकडे आणि लिहिलेला उतारा भलतीकडे, हे रडगाणं मागच्या नोंदीत गायलो होतो. अखेर तो घोळ मुळासकट निघाला. गुन्हेगार ना रॉकबॉक्स (आयपॉडवर मूळ सॉफ्टवेअरऐवजी चढवलेलं मोफत सॉफ्टवेअर), ना जाहिरातवाले. कार्यक्रमाचं मुखपृष्ठ! सविस्तर सांगतो, कारण ज्यांनी हीच साखळी जोडायला घेतलीय त्यांच्या रात्री वाचतील.

पेटी तीच आहे: पाचव्या पिढीचा आयपॉड, हार्ड डिस्कच्या जागी एसडी कार्ड, वर रॉकबॉक्स. पुण्यात वनाजला मेट्रोत बसलो की फोन सॅकच्या तळाशी आणि कानात वायरवाले इअरफोन. (रॉकबॉक्स आयपॉडवर ब्लूटूथ देत नाही. मला हा दोष वाटतच नाही.) ऐकताना टीमच्या कामाचं काही आलं की मधलं बटण दाबून धरायचं, मेनूतून बुकमार्क टाकायचा, पुढे ऐकत राहायचं. घरी केबल लावली की स्क्रिप्ट बुकमार्कची फाइल वाचते, त्या जागेच्या आगेमागे मिळून दोन मिनिटांचा तुकडा कापते आणि व्हिस्परकडून (बोलणं ऐकून लिहिणारं एआय मॉडेल) उतरवून घेते. एक ओळ टिपायला म्हणून फोन हातात घ्यायचा आणि ऑफिसच्या चॅटमधले न वाचलेल्या मेसेजचे लाल ठिपके पुसत शेवटचं स्टेशन रामवाडी गाठायची, हा प्रकार बंद करायला तर हा सगळा खटाटोप. टीमचा लीड झालं की प्रत्येक ठिपका आपल्याच नावाचा वाटतो, हे इथल्या बऱ्याच जणांना वेगळं सांगायला नको.

आता घोळाकडे. पहिला संशय जाहिरातींवर होता आणि तो खोटाही नव्हता. हल्ली बरेच कार्यक्रम जाहिराती डाउनलोडच्या क्षणी सर्व्हरवर शिवून देतात. तोच भाग लॅपटॉपवर एकदा आणि फोनवर एकदा उतरवला तर दोन्ही फाइलींची लांबीच वेगळी निघते, मग एकीतली वेळ दुसरीत कशी जुळणार? त्यामुळे आता डाउनलोड एकदाच, जीपॉडर या पॉडकास्ट उतरवणाऱ्या प्रोग्राममधून, आणि तीच फाइल पेटीतही जाते आणि कापायलाही तीच. याने मोठी तफावत गेली, पण खुसपट राहिलंच. कधी वीस सेकंद पुढे, कधी अर्धा मिनिट मागे, आणि लांब मुलाखतींत सगळ्यात जास्त.

हा व्हीबीआरचा प्रताप, म्हणजे सेकंदाला लागणारे बाइट कमीजास्त होत राहणाऱ्या फाइलीचा. व्हीबीआर एमपी3 च्या डोक्यावर झिंग हेडर नावाचा माहितीचा तुकडा असतो आणि त्यात कुठल्या टक्क्याला फाइलमध्ये कुठे उडी मारायची याचा तक्ता असतो. तक्त्यात नोंदी फक्त 100. तीन तासांच्या मुलाखतीत एक नोंद म्हणजे 108 सेकंद! मधलं सगळं अंदाजपंचे. थांबवून पुन्हा चालू केलं, पुढे-मागे सरकवलं की पडद्यावर दिसणारी वेळ हा अंदाजच असतो.

म्हणून सगळं एफएफएमपेगमधून (ऑडिओ-व्हिडिओ फाइली बदलणारं अवजार) काढायचं ठरवलं: मोनो, 64 केबीपीएस, सीबीआर, म्हणजे प्रत्येक सेकंदाला सारखेच बाइट. बोलण्याला याहून जास्त लागत नाही, तासाला 29 एमबीच्या आत काम होतं आणि हिशोब तर तोंडी करता येतो. सेकंदाला 8,000 बाइट. रॉकबॉक्सची बुकमार्क फाइल उघडून पाहिली असेल तर ठाऊक असेल, एका ओळीत अर्धविरामांनी तोडलेले आकडे असतात. त्यात बाइटमधला ऑफसेट (फाइलच्या सुरुवातीपासूनचं अंतर) असतो आणि मिलिसेकंदांतली वेळही. मिलिसेकंदांवरचा माझा विश्वास व्हीबीआरने उडवलाच होता, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये सरळ ऑफसेट भागिले 8,000.

आणि तफावत वाढली! एका कार्यक्रमात चांगली पाच मिनिटं. सर्व्हर बिघडल्याच्या अलर्टवर बोलणाऱ्या बाईंचं वाक्य हवं होतं, उताऱ्यात आली गादीची जाहिरात. दुसऱ्या कार्यक्रमात एकच मिनिट. तिसऱ्यात काहीच नाही. दीडपट वेगाने ऐकतो म्हणून टाइमस्ट्रेच (वेग बदलायची सोय) बंद करून पाहिलं, फरक शून्य. कार्ड बदललं. चिडून पेटी कपाटात टाकावी इथपर्यंत आलो होतो.

शेवटी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले: ऑफसेटवरून काढलेली वेळ आणि रॉकबॉक्सने लिहिलेली वेळ. फरक एका कार्यक्रमापुरता अगदी स्थिर! दहाव्या मिनिटाला टाकलेला बुकमार्क असो की सत्तराव्या, पाच म्हणजे पाच मिनिटं. म्हणजे फाइलच्या सुरुवातीलाच काहीतरी ठाण मांडून बसलं होतं, आणि रॉकबॉक्स ते वजा करून वेळ लिहीत होता. हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटच्या रूपात, फाइल उघडली तर आयडी3 टॅगमध्ये (एमपी3 मधली नाव-चित्र ठेवायची जागा) मुखपृष्ठ. मूळ फाइलीत ते जेमतेम 200 केबीचं जेपेग होतं. पण एमपी3 लिहिताना तुम्ही काही सांगितलं नाहीत तर एफएफएमपेग चित्राचं पीएनजी करतो. 1400 बाय 1400 चा फोटो पीएनजीत गेला की फुगतो, इथे झाला 2.4 एमबी. भागिले 8,000 करा. 300 सेकंद. ज्या कार्यक्रमाचं चित्र साधं दोन रंगांचं, त्याचं पीएनजी लहान, म्हणून तिथे मिनिटभर. ज्याच्या फाइलीत चित्रच नाही तिथे काहीच नाही.

इलाज एका पर्यायाचा: फक्त ऑडिओचा प्रवाह घ्यायचा, चित्र बाहेर. एफएफएमपेगसारखं अवजार नाही हे मान्य, पण त्याचे न सांगता ठरलेले पर्याय म्हणजे न विचारता सल्ला देणारे शेजारी आहेत. आता स्क्रिप्ट दोन्ही वेळा ताडून बघते आणि सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला की थांबते. मग सगळे जुने बुकमार्क पुन्हा चालवले. प्रत्येक तुकडा जिथे हवा तिथेच. रात्री एक वाजता बायकोला उठवून सांगावंसं वाटत होतं, सांगितलं नाही.

अलर्टवालं ते वाक्य अखेर मिळालं. मुद्दा असा होता की डिस्क 80 टक्के भरली म्हणून माणसाला झोपेतून उठवू नका, याच गतीने ती रात्रीत भरणार असेल तरच उठवा. आमच्याकडे पहिला प्रकारच चालू होता. सोमवारी टीमसमोर तो तुकडा वाजवला आणि प्रोमिथियसमधला (सर्व्हरवर नजर ठेवणारी प्रणाली) नियम प्रेडिक्ट लिनियर हे सध्याच्या गतीवरून पुढचा अंदाज काढणारं फंक्शन वापरून बदलला, चार तासांत जागा संपण्याचं चिन्ह असेल तरच फोन. नियम टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीने लिहिला, मी नुसता रिव्ह्यू केला. ज्या अलर्टने रात्रीचे फोन सगळ्यात जास्त यायचे तो आता गप्प आहे. फोनवर वेळमर्यादा लावणारी ॲप्स मी भरपूर वापरली, पण त्यातल्या एकानेही माझा फोन इतका शांत केला नव्हता.

ऑन-कॉलच्या, म्हणजे अलर्टचे फोन घ्यायची पाळी असलेल्या, आठवड्यात फोनचं काय, हा प्रश्न तरीही राहतोच. माझी सध्याची मांडणी: डू नॉट डिस्टर्ब चालू, फक्त स्टार केलेल्या संपर्कांचे कॉल आत. अँड्रॉइडमध्ये 15 मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर तो आत सोडायची सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. अलर्टची सेवा दर वेळी वेगळ्या नंबरवरून फोन करत असेल तर फोनच्या लेखी तो प्रत्येक वेळी पहिलाच कॉल. सेवेचे सगळे नंबर एकाच संपर्काखाली घालून त्यालाच स्टार द्या. चॅटवर आलेलं तातडीचं नसतं, खरंच तातडीचं असेल तर फोन करा, हे टीमला एकदा तोंडी सांगून टाकलंय. पहिल्या आठवड्यात सगळे बिचकले, आता तेही तसंच करतात.

पेटीच्या बॅटरीचं थोडक्यात. ऑनलाइन मागवलेली, लेबलावर 3000 एमएएच छापलेली बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. पातळ पाठीच्या आयपॉडमध्ये तेवढी बॅटरी मावणारच नाही हे मापावरूनच कळतं, त्यामुळे विक्रेत्याचं धाडस वाखाणण्याजोगं. बदलताना बॅटरीच्या कनेक्टरची ती इवलीशी पट्टी मिलिमीटर-दीड मिलिमीटरच वर उचलायची असते, ओढायची नाही. मी गिटारच्या पिकने उचलतो. स्टीलच्या उघडणीने बोर्डावर ओरखडेच जास्त निघतात.

पुढचा बेत असा होता की दर शुक्रवारी सगळे उतारे आपोआप टीमच्या चॅनलवर पडतील. हे लिहिता लिहिता लक्षात येतंय की म्हणजे आठ जणांच्या फोनवर आणखी एक लाल ठिपका, तोही माझ्या कृपेने. रद्द. त्याऐवजी ज्याच्या कामाशी तुकड्याचा संबंध, त्याच्या वन-ऑन-वनच्या (दोघांच्याच भेटीच्या) फाइलीत तो जाऊन बसेल आणि भेटीतच उघडेल. स्क्रिप्टला फक्त नाव सांगायचंय, आणि त्यासाठी रॉकबॉक्समध्ये टाइप करायची गरज नाही: माणसागणिक एक फोल्डर, बुकमार्क कुठल्या फोल्डरातल्या फाइलीवर पडला ते ओळीत असतंच. हे जमायला हवं.

मराठी तुकड्यांचं मात्र अजून अडलंय. व्हिस्पर भाषा पहिल्या 30 सेकंदांवरून ठरवतो आणि आपल्याकडे मराठी वाक्यात निम्मे शब्द इंग्रजी असतात, त्यामुळे तुकडा इंग्रजी शब्दांनी सुरू झाला की तो भलतंच काहीतरी लिहितो. भाषा आधीच सांगून बघणार आहे. शिवाय मराठीतलं बरंच चांगलं बोलणं फक्त यूट्यूबवर आहे, पॉडकास्ट ॲपला नवे भाग कळवणारी फीडच नाही. डेव्ह वाइनर या प्रोग्रामरने आरएसएसमध्ये (फीडचा साचा) एन्क्लोजर, म्हणजे ऑडिओ फाइल जोडायची सोय, घातली 2000 साली, पंचवीस वर्षं उलटली, तेवढी एक ओळ घालायला कुणाचं काय जातं?

आणि हो, कुणाकडे पाचव्या पिढीच्या 60 जीबीवाल्याची जाड पाठ पडून असेल तर कळवा. पुण्यात असाल तर येऊन घेऊन जाईन. खरी मोठी बॅटरी तिच्यातच मावेल.