शेजारची दांडी

एसटीत ३१ वर्षं स्टिअरिंग धरलं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, कुठलीही ड्युटी लावा. तरी लेकीकडं गोव्याला जायचं विमानाचं पहिलं तिकीट मी रद्द करायला लावलं, पाय मुरगळलाय म्हणून. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र माझ्या चालण्याकडं बघत बसली, कारण मी लंगडायचं विसरलो होतो.

भीती बसली ती जानेवारी २०२३ मध्ये. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलेली. मी पाळण्यांच्या बाजूला भजी खात उभा होतो आणि फोनवर व्हिडिओ आला. नेपाळमधलं पोखरा. १५ तारखेची सकाळ, काठमांडूहून आलेलं विमान घरांच्या वरून येतं, एका अंगावर कलंडतं आणि दिसेनासं होतं. आत ७२ माणसं, एकही वाचलं नाही. पाच जण आपल्या भारतातले होते. भजी तशीच कुत्र्याला टाकली.

पुढं ९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं. पेपरात फोटो बघितला आणि पोटात गोळा आला. पोखऱ्यात पडलं त्याच जातीचं विमान, एटीआर ७२! पंख वरच्या अंगाला, दोन्हीकडं पंखे. भाचा म्हणाला, "मामा, पडलं ते ५०० मॉडेल होतं, आपलं ६०० आहे." मी म्हटलं, बोनेटचा रंग बदलला म्हणून गाडी बदलत नाही. हे चूकच बोललो, पण तेव्हा ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हतो.

भाचा मेकॅनिकलचा इंजिनिअर. तो म्हणाला, "घाबरायचंच आहे ना, मग नीट माहिती काढून घाबरा की." त्यानं नेपाळ सरकारच्या चौकशीचा अहवाल फोनवर उतरवून घेतला आणि तीन संध्याकाळी ओसरीवर बसून मला वाचून दाखवला. तो इंग्रजी वाचायचा, मराठीत सांगायचा, मी मध्येच थांबवायचो.

मला वाटलं होतं इंजिन फुटलं असेल. इंजिनं दोन्ही चालू होती.

पोखऱ्याचा विमानतळ कोरा, १ जानेवारीला उघडलेला. डाव्या सीटवरच्या कॅप्टनना त्याची सवय व्हावी म्हणून उजवीकडं इन्स्ट्रक्टर बसलेल्या. त्या दिवशीची ही तिसरी फेरी. ठरलेली धावपट्टी सोडून विरुद्ध बाजूनं उतरायचं त्यांनी मागून घेतलं, त्यामुळं खालच्या उंचीवर आखूड वळण आलं. उतरताना कॅप्टन म्हणाले, फ्लॅप ३०. म्हणजे पंखाची मागची फळी आणखी खाली सोडा. शेजारून उत्तर आलं, फ्लॅप ३०. हात मात्र फ्लॅपच्या दांडीवर गेलाच नाही. तो गेला शेजारच्या दोन दांड्यांवर, पंख्यांच्या पात्यांचा कोन बदलायच्या.

इथं मी भाच्याला चहा ठेवायला लावला आणि सगळं परत वाचायला सांगितलं.

त्या दांड्या मागं ओढल्या की पाती फिरून त्यांची धार वाऱ्याकडं होते. त्याला फेदर म्हणतात. एक इंजिन बंद पडलं तर त्याच्या पंख्यानं वारा अडवू नये, म्हणून ती सोय. इथं दोन्ही पंख्यांची पाती तशी झाली. इंजिन गरगरतंय, पण ओढ शून्य, आपल्याकडं गाडी न्यूट्रलमध्ये पडल्यासारखं. कॅप्टननी दोनदा सांगितलं, ताकद मिळत नाहीये. ताकदीची दांडी पुढं लोटली. मिनिटभरात सेती नदीच्या घळीत सगळं संपलं.

अहवालात कारणं दिलीत ती नवी जागा, कामाची घाई, प्रशिक्षण कमी पडलं, ठरलेली पद्धत पाळली नाही. 'चालकाची चूक' असा शिक्का मारून फाइल मिटवणं किती सोपं असतं ते मी डेपोत पुष्कळ बघितलंय, म्हणून हे सगळं लिहिलेलं बघून बरं वाटलं.

आणि मला वळसंग आठवलं. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नव्हती. अक्कलकोटहून रात्रीची शेवटची गाडी, वळवाचा पाऊस. वायपर लावायला हात घातला आणि बोट पडलं शेजारच्या बटणावर. हेडलाइट गेले. डोळे रस्त्यावर, हात सवयीनं चाललेला, त्यामुळं काय झालं तेच कळेना. दोन सेकंद असतील, चाळीस-पंचेचाळीस माणसं मागं डुलक्या काढत होती. कंडक्टर ओरडला, "मास्तर, लाइट!" रस्ता सरळ होता म्हणून मी आज हे लिहितोय.

भाच्याला सांगितलं, काढ तिकीट.

जाताना काही विशेष घडलं नाही, मी डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हणत होतो. बायकोनं बॅगेत शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या कोंबलेल्या, तपासणीवाल्या पोरीनं वास घेऊन हसून सोडलं. येताना मात्र मी खिडकी मागून घेतली, पंखाच्या मागची. एटीआरला मागच्या दारानं चढायचं असतं. चढण्याआधी थांबून पंखा बघितला. सहा पाती, सगळ्यांची धार पुढं. उभ्या विमानाची पाती फेदरलाच असतात. बायको म्हणाली, "अहो, मोजताय काय?" इंजिन चालू झालं, थोड्या वेळानं आवाज जाड झाला, तेव्हा ओळखलं की पात्यांनी वारा धरला.

सोलापूर जवळ आलं तसा मी पंखाच्या मागच्या फळीवरनं नजर हलवली नाही. ती एकदा खाली सरकली. पोटाखालनं चाकं बाहेर आली, एटीआरला ती खिडकीतनं दिसतात. मग बराच वेळ काहीच नाही. तळहात ओले झाले. आता आत कुणीतरी म्हणालं असेल, कुणाचातरी हात गेला असेल. कुठल्या दांडीवर?

फळी आणखी खाली आली. पंख्याचा आवाज तसाच राहिला.

मान वळवली तर खाली होटगी रोड. साखर कारखान्याची चिमणी जिथं उभी असायची तिथं मोकळं आभाळ. १५ जून २०२३ ला ती पाडली, विमानाच्या वाटेत येते म्हणून. आमच्या पाहुण्यांचा ऊस त्या कारखान्याला जायचा, त्या दिवशी त्यांच्या घरी कुणी जेवलं नव्हतं. तेव्हा मीही चिडलो होतो. वरनं बघताना काय वाटलं ते पाहुण्यांना सांगायची सोय नाही.

चाकं टेकली. ब्रेक जरा कडक लागला, मी असतो तर आणखी हलका घेतला असता. विमान थांबलं, इंजिनं बंद झाली, पाती मंद होत होत थांबली आणि त्यांची धार पुढं आलेली दिसली. आता खुशाल येऊ दे, जमिनीवर आहोत.

"उठा की," बायको म्हणाली, "सगळे उतरले. आणि रिक्षाशी तुम्ही बोला, मला दोनशे सांगतात."