चिखलदऱ्याच्या कॉफीला धूर निघणारा कप नको

विदर्भात कॉफी पिकते म्हटलं की आपल्याच अमरावती जिल्ह्यातले लोक विचारतात, खरंच का? हो बाप्पा, खरंच. मेळघाटच्या डोंगरात, चिखलदऱ्याला, साधारण १,१०० मीटर उंचीवर, अगदी इंग्रजांच्या काळापासून. खाली मैदानात आमचा कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा आणि घाट चढून गेलं की कॉफी. पण तिथं मी बघितलेली पाकिटं म्हणजे साधी प्लास्टिकची, नाहीतर तीच कुठंही दिसणारी डिझाइन, पांढरा कप, त्यातून वळणदार धूर, खाली तपकिरी बिया. त्या पाकिटावरून ही कॉफी ब्राझीलची की बुलढाण्याची काही म्हणजे काही कळत नाही.

मी परतवाड्याकडे फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करतो, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी या सॉफ्टवेअरवर दिवस जातो. मागं वरच्या गावातले एक काका आले, घरच्या झाडांची कॉफी टुरिस्टांना विकतात, त्यांना स्टिकर पाहिजे होतं.

"काही नाही भाऊ, धूर निघणारा कप टाकून द्या न."

"काका, तुमच्या झाडावर कप लागते का?"

हसले. मग म्हणाले, "झाडावर तं लाल फळ लागते."

झालं, मला माझं डिझाइन तिथंच मिळालं. कारण तपकिरी बी ही भट्टीतली, भाजल्यावरची. पिकवणाऱ्याच्या डोळ्यासमोर जी कॉफी असते ती वेगळीच आहे, चकचकीत हिरवी पानं समोरासमोर जोडीनं, पाऊस पडून गेला की फांदीला चिकटून पांढरी फुलं, वास थेट जाईच्या जवळचा, दोनचार दिवसात झडून जातात, मग हिरवी फळं आणि ती एकाच वेळी पिकत नाहीत, एकाच फांदीवर हिरवं, पिवळसर, लाल सगळं असतं, त्यातून लाल लाल वेचून तोडावं लागतं. आतमध्ये दोन बिया, सपाट बाजूनं एकमेकींना टेकलेल्या. ही वेचणी करणारा हात कुठल्याच पाकिटावर नाही. माझ्या मते तोच पाहिजे.

जगात लोकांनी हे केलेलं आहे. न्यूयॉर्कचा तो निळा-पांढरा कागदी कप फोटोत, सिनेमात बघितला असेल, अँथोरा म्हणतात त्याला. १९६३ साली लेस्ली बक नावाच्या माणसानं शेरी कप कंपनीसाठी काढला, चित्रकलेचं शिक्षण नव्हतं त्याचं. तिथं कॉफी विकणारे बरेच जण ग्रीक होते म्हणून ग्रीसच्या झेंड्याचे रंग, काठाला ग्रीक नक्षीची पट्टी, मधे सुरई. म्हणजे कप कोणाच्या दुकानातला आहे ते कपच सांगतो! कोलंबियाच्या कॉफी उत्पादकांच्या फेडरेशननं १९५० च्या दशकाच्या शेवटी हुआन वाल्देझ नावाचा शेतकरी जाहिरातीत आणला, सोबत खेचर. शेतकरी काल्पनिक, जाहिरात कंपनी अमेरिकेतली, हे मला थोडं खटकतंच, पण पिणाऱ्याला कॉफीमागं एक माणूस आणि एक डोंगर दिसला ना. आणि आपल्याकडे इंडियन कॉफी हाउस, नागपूरला सदरमध्ये आहे बघा, त्याचा लोगो मला आठवत नाही पण वेटरचा पंख्यासारखा तुरा असलेला फेटा डोळ्यासमोर पक्का आहे. कामगारांच्या सहकारी सोसायट्यांची ती हॉटेलं, १९५७ पासूनची, आणि त्यांची ओळख कामगाराच्या डोक्यावर आहे, मला हे फार आवडतं.

मग मेळघाटची ओळख म्हणून काय घ्यायचं? एका मित्रानं सुचवलं, इथल्या कोरकू आदिवासींचे कोरलेले लाकडी खांब घे, घोडेस्वार, सूर्य, चंद्र, एकदम ट्रायबल लुक येतो. मी साफ नाही म्हटलं. त्या खांबांना मुंडा म्हणतात, ते गेलेल्या माणसाच्या आठवणीत उभे करतात, त्यात त्यांचे पूर्वज आहेत, ते विकायच्या पाकिटावर टाकायची वस्तू नाही. दुसऱ्याचं दुःख बॉर्डर म्हणून वापरायचं नसते, मग ते कितीही सुंदर दिसो.

पिण्याची बाजू पण आपली आहे, ती कोणी काढतच नाही. आमच्या घरी रोज चहा, कॉफी म्हणजे पाहुणे आले की, भरपूर दूध-साखर आणि वरून किसलेलं जायफळ. नाहीतर लग्नात मशीनवाली, फेस आलेली, वर चॉकलेट पावडर भुरभुरवलेली, तिला सगळे एस्प्रेसो म्हणतात आणि थंडीतल्या लग्नात त्या मशीनपुढं जेवणापेक्षा मोठी लाईन असते. लॅटेवर हृदय काढलेला फोटो आपल्या कोणाच्या आठवणीत आहे सांगा. म्हणून पाकिटाच्या मागच्या बाजूला मी स्टीलचं भगोनं, जायफळ आणि किसणी काढली, काकूंनी सांगितलेली कृती चार ओळीत लिहिली.

आता छपाईचं बोलू, कारण गावात डिझाइन तिथंच अडकते. छापील पाउच करायचे तर प्रत्येक रंगाला छपाईचं वेगळं सिलिंडर, म्हणजे कोरलेला रूळ, म्हणून मोठा लॉट घ्यावा लागते, तो घरगुती धंद्याला परवडत नाही. त्यामुळं मी दोनच रंग धरले, पानाचा गर्द हिरवा आणि फळाचा लाल, कोऱ्या खाकी पाउचवर स्क्रीन प्रिंटिंग. ग्रेडियंट म्हणजे विरत जाणारा रंग नाही, सावली नाही, सोनेरी तर नाहीच. समोर फांदी आणि वेचणारा हात, हातात बांगड्या, कारण त्यांच्याकडे तोडणीला घरातल्या बायाच जातात. वर मोठ्या अक्षरात चिखलदरा, त्याच्याखाली काकांच्या गावाचं नाव, तेवढ्याच ठळक. काकांनी प्रूफ पाहून एकच बदल सांगितला, फांदीवर दोनतीन फळं हिरवी ठेवा, सगळी लाल कधीच नसते. ती हिरवी केली आणि फाईल छापायला पाठवली.