व्हिडिओ चालले, पण पैशांना पत्ता लागतो

आमच्या खोलीत दिवसा बोलायची सोय नव्हती. भोसरीत चौघांत एक खोली, त्यातले दोघे थर्ड शिफ्टचे. सकाळी येऊन आडवे झाले की दुपारपर्यंत हलायचे नाहीत. मी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर होतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटाई मशीन चालवायचो. ऑर्डरी घटल्या, तीन शिफ्टची एक झाली आणि कंत्राटी पोरं आधी गेली, त्यात मीही. अंबाजोगाईला परत जाऊन करणार काय? म्हणून खोलीतच मोबाइल डब्यांना टेकवून व्हिडिओ काढायला लागलो. झोपलेल्यांची झोपमोड नको म्हणून एक शब्द न बोलता.

एका रूममेटने तेव्हा खाबी लाम दाखवला. सेनेगलमध्ये जन्मलेला, एक वर्षाचा असताना आईवडिलांसोबत इटलीला आलेला. तोही सीएनसी ऑपरेटरच, तुरीनजवळच्या कारखान्यात! मार्च 2020 मध्ये कोरोनात त्याची नोकरी गेली आणि त्याने टिकटॉकवर व्हिडिओ सुरू केले. लोक केळं सोलायलासुद्धा भलत्याच क्लृप्त्या दाखवतात, हा गपचूप साध्या हाताने तेच करून दाखवतो आणि दोन्ही हात पुढे करतो, बस्स. 22 जून 2022 ला तो टिकटॉकवर जगात सगळ्यात जास्त फॉलोअर असलेला माणूस झाला. आणि इटलीच्या नागरिकत्वाची शपथ त्याने घेतली ती त्यानंतर, ऑगस्टमध्ये. जगभर ओळख झाली तरी कागदोपत्री तो तोवर परकाच होता. मला त्याच्या व्हिडिओंपेक्षा हीच गोष्ट जास्त लक्षात राहिली.

टिकटॉक आपल्याकडे जून 2020 मध्येच बंद झालं, त्यामुळे माझं सगळं यूट्यूब शॉर्ट्सवर, म्हणजे यूट्यूबच्या छोट्या उभ्या व्हिडिओंत. दुसऱ्याची क्लिप लावून त्यावर तोंड वाकडं करायचं मी टाळलं. तसल्या उचललेल्या मालावर जाहिराती मिळणं अवघड जातं. मी वर्कशॉपमधलं शहाणपण खोलीत आणलं. ग्रीसने काळे झालेले हात साबणाने निघत नाहीत. थोडं खोबरेल तेल आणि चमचाभर साखर घेऊन कोरडेच चोळायचे, मग धुवायचे. स्क्रूची खाच झिजली असेल तर मध्ये रुंद रबरबँड ठेवून स्क्रूड्रायव्हर दाबून फिरवायचा. सगळ्यात चालला तो सिलेंडरचा. ओलं फडकं टाकीवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचं आणि थांबायचं. वरचा भाग आधी वाळतो, जिथपर्यंत आत द्रवरूप गॅस आहे तिथपर्यंतचा पत्रा ओला राहतो, कारण द्रवामुळे तो लवकर तापत नाही. ओल्या-कोरड्याच्या रेषेवर मी खडूने खूण केली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. एवढाच व्हिडिओ. त्यानंतर भोसरीच्या बसस्टॉपवर बायका विचारायला लागल्या, "ते सिलेंडरवाले तुम्हीच ना?"

आता पैशांचं. जाहिरातींच्या वाट्यासाठी 1,000 सबस्क्रायबर लागतात आणि सोबत 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं गेलेलं असावं लागतं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ त्या 4,000 तासांत धरत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. माझं सिलेंडरने भागलं. खरी वरात इथून पुढे निघाली.

यूट्यूबचे पैसे गूगलच्या ॲडसेन्स खात्यातून मिळतात. त्यात 10 डॉलर जमले की ते तुमच्या पत्त्यावर साध्या टपालाने एक पिन पाठवतात. पत्र आल्याशिवाय पैसे नाहीत, आणि चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिरातीच थांबतात. मी पत्ता दिला भोसरीचा: अमक्याची चाळ, किराणा दुकानाच्या मागे. पत्र वाटेत असतानाच आमचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि आम्ही मोशीला गेलो. जुन्या खोलीत नवी पोरं आली होती. त्यांना विचारलं, घरमालकीण मावशींना विचारलं, मीटरच्या पेटीमागे खोचलेली लाइट बिलंसुद्धा चाळली. पत्र नाहीच.

तीन आठवड्यांनी दुसरा पिन मागवता येतो. या वेळी मी गावचा पत्ता टाकला. तिथले पोस्टमन काका वडलांना नावाने ओळखतात, घरात कुणी नसलं तर शेजारी देऊन जातात. पत्र पोचलं. छोटंसं पाकीट, एटीएमच्या पिनसारखं कडा फाडून उघडायचं. मी वडलांना फोन केला, "दादा, आत सहा आकडे असतील, वाचून दाखवा."

"नाय सांगणार."

"का?"

"बँकेतल्या सायबानं सांगितलंय, पिन फोनवर कुणालाच सांगायचा नाय. पोराला बी नाय."

आईने मध्ये पडून बघितलं, उपयोग झाला नाही. वडलांचं म्हणणं, आवाज तर काय, आजकाल कुणीही काढतं. शेवटी धाकट्या बहिणीने व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी माझं तोंड बघितलं, मागची भिंत बघितली, "जेवला का?" विचारलं आणि मग चष्मा लावून एकेक आकडा वाचला. मला रागही आला आणि बरंही वाटलं. गावात ओटीपी देऊन फसलेले कमी नाहीत.

बाकीची कामं त्यामानाने पटापट झाली. दहावीच्या मार्कलिस्टवर आणि बँकेत माझं आडनाव आधी, पॅनवर शेवटी. ॲडसेन्समध्ये बँकेसारखं हुबेहूब लागतं, ते एकदाच बसून सारखं करून घेतलं. परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो, गावच्या शाखेला तो नव्हता, म्हणून पुण्यात दुसरं खातं उघडलं. अमेरिकेच्या कराचा फॉर्म बघून घाबरू नका. भारतीयांना तो कर 15 टक्के, आणि तोही फक्त तिकडच्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर. माझे प्रेक्षक बीड, लातूर आणि पिंपरी-चिंचवडचे. फॉर्म न भरता ठेवला तर मात्र सगळ्याच कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापू शकतात. 100 डॉलर झाल्यावर पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेत पैसे निघतात. पहिला हप्ता आला तेव्हा बँकेने परपज कोड, म्हणजे परदेशातले पैसे कशाचे ते, विचारलं, जाहिरातीचं उत्पन्न आहे म्हणून सांगितलं.

दरम्यान चाकणला पुन्हा मशीनवर लागलोय, व्हिडिओ सुट्टीच्या दिवशी. मोशीच्या खोलीचा करार पुन्हा करायची वेळ आली तेव्हा मी घरमालकांना म्हटलं, या वेळी करार ऑनलाइन रजिस्टर करू, माझं पूर्ण नाव आणि खोलीचा पूर्ण पत्ता घालून, मला टपालासाठी आणि बँकेसाठी लागतो. ते जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, तुम्ही ते सिलेंडरवाले! आमची ही रोज तुमचंच फडकं फिरवते." मला वाटलं, झालं काम.

"मग डिपॉझिट दहा हजारांनी वाढवू ना? आता काय, तुमचं जोरात चाललंय."

पाचावर तोडलं. करार रजिस्टर झाला, खर्च निम्मा निम्मा.