नागपूर ते मार्कंडा सायकलवर: चार्जिंगचं काय केलं

नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी आणि शेवटी मार्कंडा. डिसेंबरात सायकलला बॅगा बांधून आम्ही दोघं या रस्त्याने गेलो. रस्ता बहुतेक सपाट, दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, आणि मार्कंड्याला वैनगंगेकाठची दगडी देवळं. एकदा तरी जाच. जाऊ पाहणारे बहुतेक जण मात्र मोबाईल कसा चालू ठेवला हेच विचारतात, म्हणून तेवढंच नीट लिहितो.

रात्रीच्या मुक्कामावर भिस्त ठेवू नका. गावात संध्याकाळी लाईन गेली की कधी येईल सांगता येत नाही. शेतातल्या घरी उतरलात तर तिथली वीज अनेकदा शेतीच्या फीडरवरची, म्हणजे शेतीपंपांसाठीच्या वेगळ्या लाईनवरची असते आणि ती पाळीपाळीने काही तासच मिळते. पोचल्या पोचल्या "लाईन केव्हा असते?" हे विचारून घ्या. खरं चार्जिंग दिवसा, चहा-जेवणाच्या थांब्यावर उरकायचं.

थांबा असतो पाऊण तासाचा, म्हणून पॉवर बँक किती मोठी यापेक्षा ती स्वतः किती वेगाने भरते हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०,००० एमएएचच्या बँकेत साधारण ७४ वॅट-तास ऊर्जा मावते. वाटेतली घट धरली तरी ५,००० एमएएचचा फोन तीनदा भरतो. पण ती १० वॅटने भरणारी असेल तर किमान सात-आठ तास सॉकेटला लटकून राहणार. २० वॅटने भरणारी असेल तर पाऊण तासात १५ वॅट-तास आत जातात, म्हणजे फोनची बरीचशी बॅटरी. विकत घेताना खोक्यावरचा 'इनपुट'चा आकडा वाचा आणि चार्जरही तेवढ्याच ताकदीचा घ्या.

नागभीडच्या पुढे चहा-आलूबोंड्याच्या हॉटेलात एकच बोर्ड होता आणि त्यात फ्रीजची पिन. "भाऊ, चार्जिंगला लावू का?" म्हटल्यावर मालक म्हणाले, "लावा ना जी, त्यात काय विचारता!" आणि काउंटरमागचा दुसरा बोर्ड दाखवला. त्याची भोकं इतकी सैल की चार्जर त्याच्याच वजनाने बाहेर यायचा. खाली पाण्याची बाटली टेकवली तेव्हा टिकला. लहानसा एक्स्टेंशन बोर्ड सोबत ठेवा, तो जमिनीवर राहतो आणि सॉकेटवर ओझं येत नाही. दोघांचं सामान एकाच सॉकेटवर भागतं ते वेगळंच. विचारल्याशिवाय कुणाची पिन काढू नका, आणि जिथे लावाल तिथे काहीतरी खा. पानठेल्यावर, पीठगिरणीत, मोबाईल रिचार्जच्या दुकानात, कुठेच आम्हाला नाही म्हटलं नाही.

आरमोरीच्या अलीकडे एका गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती आणि रात्री नाटक. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, नाटकांचा हंगामच असतो. गावात लाईन नव्हती, पण मंडपामागे जनरेटर चालू होता आणि लाईटवाल्या दादांनी आपल्या बोर्डावर जागा करून दिली. दिवे मध्येच मंद व्हायचे, मध्येच भडकायचे. अशा विजेवर फोन थेट लावू नये. आधी पॉवर बँक लावायची आणि फोन बँकेवरून भरायचा. पुढे हा नियम आम्ही सगळीकडेच पाळला.

सोबत्याकडे घडीचं सोलर पॅनेल होतं. मागच्या बॅगेवर आडवं बांधलं, पण डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य ४९ अंशांच्या वर जात नाही आणि रस्त्यावर झाडांची सावली सारखी येते-जाते. थांबून, उन्हाकडे तोंड करून ठेवलं तेव्हाच काही हाती लागलं. या रस्त्यासाठी ते वजन नेऊ नका. चाकातला डायनॅमो ६ व्होल्ट, ३ वॅटचा असतो. सपाटीवर पाच-सहा तास चालवून फोनची अर्धी-पाऊण बॅटरी भरेल, पण त्यासाठी पुढचं चाक नव्याने बांधावं लागतं. वाटेत इतके थांबे असताना तो खर्च मला पटत नाही.

बॅटरीचा खर्च कमी करणं तितकंच गरजेचं. जंगलाच्या टापूत फोन सतत नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी तिथेच संपते. नकाशा घरूनच डाउनलोड करा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं. सकाळी धुकं दाट असतं, त्यामुळे मागचा लाल दिवा पहिले दोन तास लागतोच. पुढचा मोठा दिवा मात्र फारसा वापरू नये, कारण अंधारात चालवायचंच नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ आहेत. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा.

उन्हाळ्यात हा बेत करू नका. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि लिथियम बॅटरी त्या तापमानाला चार्ज करणं धोक्याचं असतं.

फोन, दिवे, बँक सगळं सी-टाइपचं असू द्या. केबल दोन घ्या, एक बॅगेत तळाशी. गडचिरोलीच्या बाजारात केबल आणि चार्जर मिळतात, तेव्हा काही बिघडलं असेल तर चामोर्शीकडे निघण्याआधी तिथेच घेऊन टाका.