द्रावाकाठचा येलाचिच: ५४ मिमीच्या संचाचं काम कुठवर आलं

मंडळी, क्रोएशियाचा सेनानी येलाचिच आणि त्याचे दोन शिपाई, अशा ५४ मिमी मापाच्या तीन छोट्या आकृत्यांचा संच मी रंगवतोय. तिन्ही आकृत्यांना प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, बसला आणि दोघांचं रंगकाम मार्गी लागलं. पावसाळी हवेत स्प्रेच्या वाटेला गेलोच नाही. दमट दिवशी स्प्रे मारला की पृष्ठभाग खरखरीत होतो, मग घासत बसा. ब्रशनेच पातळ हात दिले.

हा गडी ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅरन योसिप येलाचिच, जन्म १८०१, डॅन्यूबकाठच्या पेत्रोवाराडिनचा. वडील ऑस्ट्रियन सैन्यात वरच्या हुद्द्यावर. शिक्षण व्हिएन्नाच्या थेरेझियानुममध्ये, १८१९ मध्ये ड्रॅगून रेजिमेंटमध्ये भरती, आणि १८४० च्या दशकात ग्लिना इथल्या सीमा रेजिमेंटचा, म्हणजे तुर्की सीमेवर पहारा देणाऱ्या पलटणीचा, कर्नल. तिथवर सगळं रीतसर चाललं होतं. मार्च १८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचा भडका उडाला, तेव्हा व्हिएन्नाने त्याला क्रोएशियाचा बान, म्हणजे तिथला राजप्रतिनिधी नेमलं आणि पाहता पाहता कर्नलचा लेफ्टनंट फील्ड मार्शल झाला. एप्रिलमध्ये त्याने भूदासपद्धत बंद केल्याचं जाहीर केलं.

येलाचिच करायचा म्हटलं की बहुतेक जण झाग्रेबचा पुतळाच समोर ठेवतात: घोडा, उगारलेली तलवार, रुबाब. शिल्पकार फर्नकॉर्नचं ते काम आहेच देखणं. १८६६ मध्ये तो पुतळा बसला तेव्हा तलवार उत्तरेला, हंगेरीकडे रोखलेली होती. १९४७ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने तो उतरवला. १९९० मध्ये परत आला तो दक्षिणेकडे तोंड करून. पण त्या पुतळ्यात बान एकटा आहे. माझ्या संचात त्याच्यामागे दोन माणसं आहेत, आणि खरं सांगायचं तर जास्त वेळ मी त्यांनाच दिलाय.

प्रसंग ११ सप्टेंबर १८४८ चा, फौजेसह द्रावा नदी ओलांडून हंगेरीत शिरतानाचा. गंमत अशी की त्याच जूनमध्ये सम्राटाने त्याला बानपदावरून काढलं होतं. साहेबांनी ते मनावर घेतलं नाही, कारभार चालूच ठेवला. ४ सप्टेंबरला पद परत मिळालं आणि आठवड्याच्या आत फौज नदीपार! म्हणून मी त्याला घोड्यावरून उतरवून, टोपी हातात देऊन उभा केलाय. टक्कल आणि काळ्या मिशा दिसल्या तरच तो ओळखू येतो.

मागचा पहिला सीमा रेजिमेंटचा शिपाई. तपकिरी कोट, निळी घट्ट विजार. सीमेवरच्या घरांना जमीन मिळायची ती लष्करी चाकरीच्या अटीवर, त्यामुळे हा निम्मा शेतकरीच. कोट नवाकोरा दिसला तर सगळंच फसतं. गडद तपकिरीवर मातकट पिवळ्याचे पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक हात, दिले, खांद्यांवर आणि पट्ट्याखाली जास्त. कोपरांवर रंग थेट न लावता जवळजवळ कोरड्या ब्रशने घासला. कापड विटल्यासारखं दिसतं ते तिथेच.

दुसरा सेरेझान, म्हणजे त्याच सीमाभागातल्या खास पथकाचा शिपाई, लाल झगेवाला. कमरेला पिस्तुलं आणि यातागान, म्हणजे तुर्की धाटणीची आखूड तलवार. लाल रंग काळ्या प्रायमरवर कितीही थर द्या, मेलेलाच राहतो. आधी विटकरी हात द्यावा, मग लाल, आणि उजेडाच्या जागी नारिंगी. पांढरा मिसळलात तर झगा गुलाबी झालाच म्हणून समजा. सोनेरी दोऱ्यांनाही मी मेटॅलिक रंग टाळतो; ५४ मिमीत पिवळ्या गेरूवर फिक्या पिवळ्याची बारीक रेघ पुरते.

कोणी विचारेल, विजयाचा क्षण का नाही घेतला? घ्यायचाच तर श्वेखाट आहे, ३० ऑक्टोबर १८४८, व्हिएन्नाच्या वेशीवर. पण त्याआधीची हंगेरीच्या फौजेशी झालेली पाकोझ्दची लढाई, २९ सप्टेंबर, मला सोडवत नाही. तिथे दोन्ही बाजूंची फौज एकाच राजाची, आणि हंगेरीच्या बाजूलाही शाही गणवेशातल्या पलटणी होत्या. डायोरामा करणाऱ्याला शत्रू वेगळ्या रंगात दाखवायची सोय नाही. लढाईनंतर तीन दिवसांचा तह झाला आणि येलाचिच व्हिएन्नाच्या दिशेने निघून गेला. मागे राहिलेली त्याच्या रोथ आणि फिलिपोविच या सेनानींची तुकडी, जवळपास ९ हजार माणसं, ७ ऑक्टोबरला ओझोरा इथे हंगेरीच्या फौजेला शरण गेली. माझा तपकिरी कोटवाला त्यांच्यातला असू शकतो, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जोश काढलेला नाही.

आता उरलाय तो पाया. नदीचं पाणी रेझिनचं, काठावर गाळ आणि गवत. द्रावा मैदानी नदी आहे, तेव्हा पाणी गढूळ हिरवट ठेवणार. निळा अजिबात नाही. सेरेझानच्या लांब बंदुकीची नळी वायरने करू की पितळी ट्यूबने, हे अजून ठरत नाहीये. ज्यांनी या मापात पितळी ट्यूब वापरली आहे त्यांनी सांगा, ती कापताना तोंड चेपू नये म्हणून काय करता?