हवाईचे आकाश आणि पर्यटकांच्या डोळ्यांवरचे चष्मे

2019 साली हवाई बेटांवर एक कोटीहून अधिक पर्यटक आले आणि येथील लोकसंख्या मात्र 14 लाखांच्या आसपास आहे. आलेल्यांपैकी बहुतेक जण वायकीकीचा किनारा पाहतात, एखाद्या संध्याकाळी हॉटेलच्या हिरवळीवर जेवणासोबत हुला नृत्य पाहतात आणि परत जातात. होनोलुलूत राहायला आल्यापासून मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना फिरवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे येते आणि त्यांच्यातला एखादा चौकस पाहुणा हमखास विचारतो की, या बेटांची मूळ संस्कृती पाहायची तर नेमके कुठे जायचे. अलीकडे या प्रश्नाला आभासी वास्तव, त्रिमिती चित्रपट, डोळ्यांवर चढवायचे संच अशी उत्तरे मिळू लागली आहेत. माझे मत विचाराल तर, जे तंत्रज्ञान हवाईच्या लोकांनी आधी स्वतःच्या गरजेसाठी वापरले तेच पर्यटकालाही काही देऊन जाते. केवळ पर्यटकासाठी उभारलेले बहुधा पोकळ निघते.

याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे होनोलुलूतील बिशप म्युझियमचे तारांगण. हवाईच्या राजघराण्यातील प्रिन्सेस बर्निस पौआही बिशप यांच्या स्मरणार्थ त्यांच्या पतीने 1889 मध्ये हे संग्रहालय स्थापन केले आणि त्याच्या आवारात 1961 मध्ये तारांगण सुरू झाले. ते आज वाटुमल या होनोलुलूत स्थिरावलेल्या सिंधी व्यापारी कुटुंबाच्या नावाने ओळखले जाते, हे कळल्यावर आपल्याकडच्या पाहुण्यांचे चेहरे खुलतात. खरी गोष्ट मात्र पुढची आहे. पॉलिनेशियन लोक, म्हणजे हवाईयन आणि पॅसिफिकमधल्या इतर बेटांवरचे त्यांचे भाऊबंद, होकायंत्राशिवाय, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या आधाराने ठरवून एवढा महासागर ओलांडू शकत होते, यावर अनेक अभ्यासकांचा विश्वास नव्हता. वाऱ्याने भरकटत ते या बेटांना लागले असावेत, असे मानले जाई. 1976 मध्ये होकुलेआ ही जुन्या धर्तीवर बांधलेली जोडहोडी हवाईहून दक्षिण पॅसिफिकमधील ताहिती बेटाला, म्हणजे 4,000 किलोमीटरहून अधिक अंतर, उपकरणांशिवाय गेली. पण तिला वाट दाखवणारे माऊ पिआइलुग मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे होते, कारण हवाईत ती विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता.

ती विद्या परत मिळवण्यासाठी नाइनोआ थॉम्प्सन हा हवाईयन तरुण या तारांगणात येऊन बसू लागला. समुद्रावर एक आकाश पाहायला एक रात्र लागते आणि ढग आले तर तीही वाया जाते. घुमटाखाली मात्र अक्षांश बदलून ताहितीचे आकाश पाच मिनिटांत डोक्यावर आणता येई आणि तोच तारा पुन्हा पुन्हा मावळताना पाहता येई. अशा अभ्यासातून त्याच्या हाती आलेल्या खुणांपैकी एक मला फार आवडते. व्याध आणि पुनर्वसूतला तेजस्वी तारा हे दोघे ताहितीच्या अक्षांशावर एकाच वेळी क्षितिजाखाली जातात. त्यापेक्षा उत्तरेला किंवा दक्षिणेला असाल तर एक आधी मावळतो आणि दुसरा मागे राहतो. परतीच्या वाटेवर त्रिशंकू कामाला येतो. तो ताठ उभा असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यांमध्ये जेवढे अंतर, तेवढेच खालचा तारा आणि समुद्र यांच्यात दिसले की हवाईचा अक्षांश आला असे समजायचे. शिवाय होकुलेआ हे नाव ज्या ताऱ्याचे, तो म्हणजे आपला स्वाती. तो हवाईच्या मोठ्या बेटाच्या माथ्यावरून जातो, आणि मुंबईचा अक्षांशही तोच असल्यामुळे मुंबईच्याही जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. मे महिन्यात रात्री कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला पाहिल्यास त्रिशंकूही दिसतो, फक्त तेथे तो होनोलुलूपेक्षा किंचित वर असतो.

माऊ यांनीही नाइनोआला शिकवले. ताहितीची दिशा हाताने दाखवायला लावून, ते बेट तुला दिसते का, असे त्यांनी विचारल्याची हकीकत येथे अनेकदा सांगितली जाते. आपल्याला ते मनात दिसते, असे नाइनोआने उत्तर दिले होते. 1980 मध्ये तो स्वतः वाट काढत होकुलेआ ताहितीला घेऊन गेला आणि परत आला. तारांगणात बसून जे मिळाले ते समुद्रावर तपासले गेले, म्हणूनच ते विद्या ठरले.

हवाई विद्यापीठात तयार झालेला 'किलो होकू' हा आभासी वास्तवाचा प्रकल्प याच परंपरेतला आहे. संच डोळ्यांवर चढवला की आपण होकुलेआवर रात्रीच्या समुद्रात उभे असतो. मान वर केली तर शिडाच्या कडेपलीकडे तारे दिसतात, मागे वळले तर सुकाणू दिसते. नाइनोआने आखलेले, क्षितिजाचे 32 घरांत विभाजन करणारे तारकायंत्र येथे समजू लागते, कारण कागदावर ते नुसते वर्तुळ असते आणि येथे आपण त्या वर्तुळाच्या मध्यभागी असतो. अर्थात समुद्र अंगावर येत नाही, लाटेचा हेलकावा पायांना जाणवत नाही. आणि ढगाळ रात्री वाटाड्याची सारी भिस्त तर त्या हेलकाव्यावरच असते.

याउलट वायकीकीतील एका खासगी दालनात तिकीट काढून पाहिलेला खेळ आठवतो. ज्वालामुखी उसळला, खुर्च्या हलल्या, तोंडावर पाण्याचे फवारे आले, पण त्या सबंध वेळात हवाईयन भाषेतला एक शब्दही कानावर पडला नाही. 1896 च्या कायद्याने जी भाषा शाळांतून हद्दपार झाली आणि 1978 मध्ये राज्यघटनेने जिला पुन्हा अधिकृत स्थान दिले, ती अशा ठिकाणी वगळली जावी हे मला खटकते. मोठ्या बेटावरच्या हिलो येथील इमिलोआ या खगोलशास्त्र आणि संस्कृतीच्या केंद्रात, जे 2006 मध्ये सुरू झाले, प्रदर्शनांची माहिती हवाईयन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिलेली आहे आणि खगोलशास्त्र व सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा तेथे शेजारीशेजारी नांदतात. त्याच बेटावर, हवाईयन लोक पवित्र मानतात त्या मौनाकेआ पर्वतावरील नव्या दुर्बिणीविरुद्ध 2019 मध्ये मोठे आंदोलन झाले, हे लक्षात घेतले तर तो शेजार किती नाजूक आहे हेही कळते.

आणखी एक उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो म्हणजे माणसाला जागेपासून दूर ठेवण्याचा. हवाईच्या वायव्येकडील पापाहानाउमोकुआकेआ या संरक्षित क्षेत्राला 2010 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील निहोआ आणि मोकुमानामाना या बेटांवर प्राचीन पूजास्थाने आहेत. परवान्याशिवाय तेथे जाता येत नाही आणि तसेच असावे. तेथील काही बेटांची सर्व बाजूंनी टिपलेली छायाचित्रे 2013 मध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यूवर आली आणि लोकांना घरबसल्या त्या वाळूवर फिरता येऊ लागले. त्यातले ईस्ट आयलंड 2018 च्या वालाका वादळात जवळजवळ सगळे वाहून गेले. जेथे पाय ठेवण्याची परवानगी नव्हती ती जमीनच उरली नाही, चित्रे मात्र उरली.

सगळीकडे पडदेच हवेत असेही नाही. 1882 मध्ये पूर्ण झालेला होनोलुलूतील इओलानी राजवाडा कानाला यंत्र लावून पाहता येतो आणि तेवढे पुरते. हा राजवाडा बांधणाऱ्या हवाईच्या राजा कालाकाऊआने 1881 मध्ये जगप्रवास केला, त्यात तो कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईलाही आला होता. पुढे त्याच प्रवासात तो एडिसनला भेटला आणि व्हाइट हाउसच्या आधी या राजवाड्यात विजेचे दिवे लागले. वरच्या मजल्यावर एका खोलीत त्याची बहीण आणि हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिला 1895 मध्ये कैदेत ठेवले होते; त्याच्या दोन वर्षे आधी तिचे राज्य उलथवण्यात आले होते. त्या कैदेत शिवायला घेतलेली गोधडी तेथे काचेत ठेवली आहे. तिच्यावरची भरतकामातली नावे वाचताना कानातले निवेदन मी थांबवतो, आणि पाहुण्यांनाही तसेच करायला सांगतो. वेळ कमी असेल तर सकाळी राजवाडा आणि दुपारी तारांगण असा क्रम ठेवावा. तारांगणात ध्वनिमुद्रित खेळाऐवजी निवेदक समोर उभा राहून बोलतो तो खेळ मिळाला तर तो निवडावा, कारण त्याला प्रश्न विचारता येतात.